अकरावी चकती

तिक्लापाम्पा
४ फेब्रुवारी २०१८

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर थांब. माफी मागायला लिहीत नाहीये. ती मागून झाली, तू घेतली नाहीस, विषय संपला. एवारिस्तो किन्योनेस माझ्या हातात सापडतोय, एवढंच सांगायचंय. हे ऐकून ज्याला बरं वाटेल असं तुझ्याशिवाय मला कोणी नाही, आणि फोनवर तू मला सहा-सात वर्षांपूर्वीच बंद केलंस, म्हणून हा कागद.

आपले हे एवारिस्तो साहेब आता लिमात प्रयोगशाळांना यंत्रं विकतात. उंटाच्या रंगाचा कोट घालतात म्हणे. इथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. पाणीपुरवठ्याने यंदा नमुने पचवायचं यंत्र घ्यायचं ठरवलंय आणि ते कसं हवं, हे टेंडरमध्ये लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

तुला हे एकदा नीट सांगते. तेव्हाच सांगायला हवं होतं. आपल्या नळाला शिसं येतं ते साखरेसारखं विरघळून येत नाही. खाणीच्या बारीक गाळाला चिकटून येतं. मोजणाऱ्या यंत्राला फक्त विरघळलेलंच दिसतं, म्हणून नमुना आधी ऍसिडमध्ये तापवून गाळासकट विरघळवावा लागतो. याला आम्ही पचवणं म्हणतो. साहेबांच्या काळात पचवणं नव्हतंच. पाणी आधी गाळलं जायचं, गाळ वर गाळणीच्या चकतीवर राहायचा, खालचं नितळ पाणी यंत्रात जायचं आणि अहवालावर लिहिलं जायचं: एकूण शिसं, मर्यादेच्या आत. बाहेरच्या कोणी विचारलंच, तर साहेब म्हणायचे, "चार हजार दोनशे मीटरवर पाणी शहाऐंशीलाच उकळतं. इथे बटाटा शिजत नाही, नमुना काय पचणार?" सगळे हसायचे. मीही हसायचे.

तुझा विल्बर पाच वर्षांचा होता. त्याच्या रक्तात शिसं निघालं आणि तू माझ्या दारात आलीस. म्हणालीस, माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपास. दुसऱ्या दिवशी मी अहवाल आणून दिला. तू तो वाचलाही नाहीस. म्हणालीस, "कागद राहू दे. आईच्या थडग्याची शपथ घेऊन सांग, पाणी चांगलं आहे का." मी शपथ घेतली. त्यानंतर आठ महिने तू त्याला तेच पाणी पाजलंस.

आणि त्याचं जावळ आपण कोणाच्या हातून काढलं होतं? पहिली बट कापून, मेंढी द्यायचं कबूल करून, आपला पाद्रिनो, पोराचा धर्मबाप, कोण झाला होता? तोच. मेंढीही कधी आली नाही.

मी डूख धरून बसलेय, ताई. कोणाला दिसत नाही, कारण मी रोज आठ वाजता कामावर जाते आणि सगळ्यांना नमस्कार करते.

देल्फिना


तिक्लापाम्पा
१९ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही, एवढं मला पुरे.

टेंडरला तिघे आले. एकाची भांडी लहान निघाली, दुसऱ्याकडे डोंगरात येऊन दुरुस्ती करणारा माणूस नाही. तिसरे आपले साहेब. त्यांनी पाठवलं होतं उघड्या भांड्यांचं यंत्र, समुद्रकाठच्या लोकांसाठी केलेलं. माझ्या एका ओळीत बाद झाले असते. मी तिघांनाही टेंडर सुधारायला सारखीच मुदत दिली, म्हणजे पुढे कोणी बोट ठेवायला नको, आणि मग साहेबांना फोन केला.

"देल्फिनिता! अगं पोरी, किती वर्षांनी तुझा आवाज! तिथे थंडी अजून तशीच का?"

"थंडी तशीच आहे, साहेब. पण तुमच्या यंत्राची भांडी उघडी आहेत. बटाट्याची गोष्ट तुमचीच ना?"

खो खो हसला. "अगं हो की! समुद्राकाठी राहून माणसाच्या डोक्याचंही पीठ होतं. झाकणबंद पाठवतो, कुकरसारखं. दाबाखाली काहीही विरघळतं. दगड घाल हवं तर."

"दगडच घालणार आहे," मी म्हटलं.

आणखी हसला. माझ्या विनोदांना तो आधीपासूनच हसतो, तेवढं श्रेय त्याला देते.

टेंडरमध्ये अट आहे की विकणाऱ्याने इथे येऊन आमचे दहा नमुने आमच्यासमोर पचवून दाखवावेत आणि निकालावर सही करावी. अशी अट सगळीकडे असते. मी त्यात फक्त "पाणी वापरणाऱ्यांच्या समितीसमोर" एवढे शब्द घातले. पण अशा कामाला हे लोक मेकॅनिक पाठवतात. मेकॅनिक घेऊन मी काय करू? म्हणून दुसरा दोर ओढला.

"साहेब, यंत्राचे पाद्रिनो तुम्हीच व्हा."

ताई, मग त्याने घसा खाकरला. रडवेला झाला होता मेला! म्हणाला, "मला वाटलं होतं, तिथे माझी कोणाला आठवणही नसेल."

"तुमची आठवण नाही असा माझा एक दिवस जात नाही, साहेब."

त्या फोनवर एवढं एकच वाक्य मी शंभर टक्के खरं बोलले.

आता त्याला माघार नाही. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे ट्रकचा पाद्रिनो एकदा झाला की पहिली चावी त्यानेच फिरवायची. यंत्राचा झाला की पहिला नमुना त्याच्याच हाताने आत जायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर सही त्याचीच. त्याचं नाक त्याच्याच हाताने कापायचंय मला. दुसऱ्या कोणाच्या हाताने कापलं तर मजा नाही.

देल्फिना


तिक्लापाम्पा
२ जून

ताई,

तुझं कार्ड आलं. तुमच्या आन्तोफागास्ताच्या समुद्राचं चित्र आणि मागे तीनच शब्द: "गाळत कोण होतं?"

चार दिवस ते कार्ड मी स्वयंपाकघरात पालथं घालून ठेवलं होतं. सात वर्षांनी बहिणीला पत्र पाठवायचं आणि त्यात हाक नाही, ख्यालीखुशाली नाही, थेट वर्मावर बोट. तू शाळेतही अशीच होतीस. मी बोलताना कुठल्या शब्दावरून उडी मारून गेले, ते तुला बरोबर कळायचं.

मी गाळत होते.

बाकी कोण गाळणार? साहेबांचे हात तर नेहमी खिशात. नोकरी नवी होती, आई आजारी होती, ते म्हणाले "आधी गाळ, मग ऍसिड", आणि मी गाळलं. पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं, "साहेब, मग अहवालावर 'विरघळलेलं' असं लिहायला नको का?" ते म्हणाले, "पोरी, लोकांना एक आकडा लागतो. दोन आकडे दिले की ते भांडतात." त्यानंतर मी विचारलं नाही. घे, मिळालं उत्तर.

आता तुला दुसरं सांगते, जे कोणालाच ठाऊक नाही. गाळून झालं की साहेब म्हणायचे, चकती टाकून दे. बहुतेक मी टाकल्या. अकरा ठेवल्या. का, असं विचारशील तर त्यात शहाणपण काही नव्हतं. त्या अकरांचा रंग मला टाकवेना. पांढऱ्या चकतीवर पेन्सिल घासावी तसा चकाकता करडा थर होता. आपल्या नाताळच्या केकच्या, पानेतोनच्या, लाल डब्यात त्या आहेत, प्रत्येकीची वेगळी प्लास्टिकची डबी, वर तारीख, नळ आणि अहवालाचा क्रमांक. पाण्याचा नमुना सहा महिन्यांत बाद होतो. वाळलेला गाळ नासत नाही. सात वर्षांनी विचारलं तरी तेच सांगतो. फक्त त्याला विरघळवणारं यंत्र हवं, आणि ते येतंय, साहेबांच्याच हातून.

अकराही वेळा साहेब माझ्या शेजारी उभे होते, हे लक्षात ठेव. मी हात होते, डोकं त्यांचं.

विल्बरबद्दल तू काही लिहिलं नाहीस. विचारायचा मला हक्क नाही, पण विचारतेय. बारा वर्षांचा झाला असेल. त्याला वाचता येतं का?

देल्फिना


तिक्लापाम्पा
२७ ऑगस्ट

ताई,

झालं! खुर्चीत नीट बस आणि वाच.

ऑगस्ट म्हणजे धरणीला पाजायचा महिना, त्यामुळे समितीची सगळी माणसं नटून आली होती. अंगणात एक कर्णा, एक ढोल. साहेब टॅक्सीतून उतरले ते ओठ निळे पडूनच. लिमाला राहून छातीत हवा राहिली नाही. कोकाचा चहा पाजून त्यांना उभं केलं. वरच्या वस्तीच्या इलारिया मावशी, त्याच त्या चीज विकणाऱ्या, आता पाणी समितीच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लिमाने चांगलं पोसलंय तुम्हाला. या कुकरमध्ये तुम्ही मावायचे नाहीत."

"मला पचवायला याहून मोठं यंत्र लागेल, मावशी," साहेब म्हणाले. सगळे खिदळले. मीही, पोट धरून.

त्यांनी चारी कोपऱ्यांत धरणीला बिअर ओतली, यंत्रावर तीन कोकाची पानं ठेवली, वरून रंगीत कागदाचे तुकडे उधळले. मग हातमोजे चढवले. बारा भांडी. एकात कोरी चकती, एकात त्यांनीच लिमाहून आणलेला, आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, म्हणजे यंत्र खरं बोलतं की नाही ते कळावं. उरलेल्या दहा माझ्या. डब्यांवरचे कागद काढून मी नुसते क्रमांक चिकटवले होते.

"चकत्या?" त्यांनी एक चिमट्यात धरून उजेडात पाहिली. "मला वाटलं, पाणी देशील."

"पाणी कोणीही पचवेल, साहेब. हा गाळ आहे. सगळ्यात अवघड तेच दिलंय तुम्हाला."

"शाबास! माझ्याच हाताखाली शिकलीस शेवटी!"

एकेक चकती त्यांनी आपल्या हाताने भांड्यात सोडली, आपल्या हाताने ऍसिड ओतलं, झाकणं आवळली, कळ दाबली. कर्णा वाजला. भांडी तापून निवेपर्यंत आम्ही अंगणात कुयचं भाजलेलं मटण आणि बटाटे खाल्ले. बटाटे कुकरमधले होते. साहेबांनी दोनदा घेतले आणि जुन्या गोष्टी सांगितल्या. दोन तासांनी मी ते पाणी मोजायच्या यंत्रातून काढलं आणि निकालाचा कागद पाद्रिनोच्या हातात दिला. वाचायचा मान त्यांचा.

"ओळखीचा नमुना, शंभरात अठ्ठ्याण्णव," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कोरी चकती, काही नाही. बघा! यंत्र खोटं बोलत नाही!" टाळ्या. "आता यांचे नमुने. पाण्यात लिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या वर शिसं नको, असं कायदा म्हणतो. एक, एकशे चाळीस. दोन, दोनशे दहा. तीन, पंच्याण्णव. चार, तीनशे..." इथे त्यांनी शीळ घातली. "देल्फिनिता, कुठल्या नाल्यातून आणलास गं हा गाळ? हे पाणी कुत्र्याला पाजलं तरी तुरुंग होईल!"

"सही करा, साहेब."

केली. नेहमीची, शेपटीवाली. खिशातून शिक्का काढून तोही मारला. मग वहीच्या पहिल्या पानावर दुसरी सही आणि दुसरा शिक्का.

तेव्हा मी लाल डबा टेबलावर ठेवला, "साहेबांनी फेकायला सांगितलेल्या चकत्या या," म्हटलं आणि काढलेले कागद वाचायला लागले. "क्रमांक एक. बारा मे दोन हजार दहा. शाळेचा नळ. त्या दिवशीचा अहवाल, शिसं लिटरला दोन. सही, इंजिनियर एवारिस्तो किन्योनेस. क्रमांक दोन. नऊ जून. दवाखान्याचा नळ. अहवाल, लिटरला एक. सही, इंजिनियर एवारिस्तो किन्योनेस." तिसऱ्याला ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. दहाही मी वाचले. मला घाई नव्हती, ताई. एकेका अक्षराची चव घेत वाचलं मी.

"हे... याला काही अर्थ नाही," साहेब म्हणाले. "इतक्या जुन्या चकत्या... हे यंत्र..."

"यंत्र खोटं बोलत नाही म्हणालात ना?" इलारिया मावशी म्हणाल्या.

मग तो माझ्याकडे वळला. "गाळलं कोणी? विचारा हिला! हिनेच गाळलंय, हिच्या या हातांनी!"

मला वाटलं, आता मीही गेले. पण मावशी उठल्या. "तुम्ही सांगितलंत, पोरीने गाळलं. तुम्ही फेकायला सांगितलंत, पोरीने जपलं. तुम्ही काय जपलंत, साहेब? कोट?"

तो दाराकडे निघाला. दारात बायका उभ्या होत्या. कोणी हात लावला नाही, शिवीही दिली नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, "पाद्रिनो नाचल्याशिवाय जात नाही." आणि कर्णेवाल्याला खूण केली.

नाचवलं त्याला, ताई! रीतच आहे, पाद्रिनोबरोबर प्रत्येकीने एक फेरा घ्यायचा. पहिला मावशींनी घेतला. जवळ जाऊन त्याच्या कानात आपल्या नातवाचं नाव सांगितलं आणि बाजूला झाल्या. ते पाहून पुढचीनेही तेच केलं. एकोणीस बायका, एकोणीस फेरे, प्रत्येक फेऱ्याला एका लेकराचं नाव. त्याला धाप लागली, ओठ पुन्हा निळे झाले, तरी कर्णा थांबेना. शेवटचा फेरा माझा. मी म्हटलं, "विल्बर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्याचं जावळ तर मी..."

"हो साहेब. तुम्हीच."

सह्यांचे कागद आज सरकारी वकिलाकडे गेले. त्याच्या कंपनीने त्याला घरी बसवलंय. आणि मला, ताई, मला त्यांनी खुर्चीवर बसवून डोक्यावर रंगीत कागद उधळले. केसांतून अजून निघतायत. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

देल्फिना


तिक्लापाम्पा
३ सप्टेंबर

ताई,

जूनमध्ये मी तुला अकरा चकत्या लिहिल्या होत्या, ऑगस्टमध्ये दहा. तुझ्या हे लक्षात आलं असेल. कार्डावर विचारशील, त्याच्या आधी मीच सांगते. यंत्रात जागा दहांचीच होती हे खरं, पण अकरावी मी आधीच बाजूला काढून ठेवली होती.

तिच्या डबीवर लिहिलंय: १६ फेब्रुवारी २०११, नेलिदाचा नळ. तुझ्याच घरचं पाणी, तू तपासायला दिलेलं. त्या आठवड्यात साहेब लिमाला गेले होते. शेजारी कोणीही उभं नव्हतं. आधी गाळ, असं मला कोणी सांगितलं नाही. मी खोटं लिहिलं होतं तुला.

ते पाणी मला न गाळता यंत्राला लावता आलं असतं. नुसतं ऍसिड टाकून दिवसभर ठेवलं असतं, तरी काहीतरी दिसलंच असतं. पण तुझं पाणी वाईट निघालं असतं तर आधीचे सगळे कागद खोटे ठरले असते आणि त्या सगळ्यांवर अक्षर माझं होतं. मला साहेबांची भीती नव्हती. माझं काय होईल, याची होती. म्हणून गाळलं. चकतीवर तो करडा थर बसलेला पाहिला, बोटाने पुसून बघावंसं वाटलं, पुसला नाही, डबीत ठेवला. मग खालचं नितळ पाणी मोजलं, अहवाल लिहिला, त्यावर साहेबांची नाही, माझी सही केली आणि तुझ्याकडे येऊन आईची शपथ घेतली.

सात वर्षं मी त्याच्यावर दात ओठ खात राहिले. त्याला नाचवताना जी चव लागली ती खोटी नव्हती, आजही आठवली की बरं वाटतं. पण खुर्चीवर बसवून ते कागद माझ्यावर उधळत होते, तेव्हा मी गप्प बसले. महापौर मला मानपत्र देणार आहेत. तेही मी घेईन. माझ्या तोंडून खरं निघणार नाही, ताई. मी स्वतःला चांगली ओळखते. बाविसाव्या वर्षी निघालं नाही, आता काय निघेल.

म्हणून ते तुझ्याकडे पाठवतेय. या पाकिटात ती डबी आहे आणि त्या दिवसाच्या अहवालाची प्रत, माझ्या सहीची. तुमच्या बंदरावर खाणीच्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत, असं यंत्र तिथे असणारच. कोणीही पचवून देईल. निकाल आला की कुठे पाठवायचा, त्यासाठी इलारिया मावशींचा पत्ता मागे लिहिलाय. पाठव किंवा समुद्रात फेक. मी साहेबांचं जे केलं, ते माझं करायचा हक्क तुझा आहे.

डबी उघडलीस तर चकतीला बोट लावू नकोस. तिच्यातून गेलेलं अर्धा लिटर पाणी मी मोजायला वापरलं. त्या दिवशी बाकीचं विल्बर प्यायला.

देल्फिना